विद्यापीठाच्या कारभारावर देखरेख : अधिसभा आणि व्यवस्थापन परिषद यांचे कार्य

तालुक्याच्या गावी नवे महाविद्यालय निघते, तेव्हा त्याची इमारत, त्याचे प्राचार्य आणि पहिल्या वर्षाची विद्यार्थिसंख्या यांची चर्चा गावोगाव होते. ते महाविद्यालय ज्या विद्यापीठाशी संलग्न असते, त्या विद्यापीठाचा कारभार कोण पाहतो, त्याच्या पैशाचा हिशेब कोण तपासतो आणि परीक्षेचा निकाल वेळेवर लागला नाही तर जाब कोणी विचारावयाचा, हे प्रश्न मात्र सहसा कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. वास्तविक, शेतकऱ्याच्या मुलाला पुढील वर्गात प्रवेश मिळणे, शिक्षकी पेशात जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला वेळेवर पदवी प्रमाणपत्र हाती पडणे, मागास भागात विज्ञान शाखेचे महाविद्यालय निघणे या साऱ्या गोष्टी या प्रश्नांच्या उत्तरांशी निगडित आहेत.

सार्वजनिक विद्यापीठ ही कायद्याने निर्माण केलेली स्वायत्त संस्था होय. ती शासनाचे एखादे खाते नव्हे, तशीच ती कोणाची खाजगी संस्थाही नव्हे. तिच्या शिक्षकांच्या व कर्मचाऱ्यांच्या वेतनाचा मोठा भाग राज्याच्या तिजोरीतून येतो. उरलेला बराचसा पैसा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून जमतो. ज्या संस्थेत जनतेचा पैसा आणि जनतेच्या मुलांचे भवितव्य गुंतलेले आहे, तिच्या कारभारावर देखरेख असलीच पाहिजे. त्याचबरोबर ज्ञानदानाच्या कामात बाहेरचा हात शिरता कामा नये. या दोन्ही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करण्यासाठी कायद्याने जी यंत्रणा उभी केली आहे, तिचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

पूर्वपीठिका

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्याच वर्षी कलकत्ता व मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निर्माण झालेल्या या संस्थांचे काम आरंभी प्रामुख्याने परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच होते. अध्यापन महाविद्यालयांत होई. कुलपती, कुलगुरू आणि शासनाने नेमलेले फेलो मिळून सिनेट, म्हणजे आजच्या भाषेत अधिसभा, बनत असे. दैनंदिन कारभार सिंडिकेट नावाच्या लहान मंडळाकडे होता. १८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे या विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले.

त्या काळी फेलोंची नेमणूक आजीव असे. त्यामुळे त्यांची संख्या वाढत गेली आणि विद्यापीठाच्या कामाशी अनेकांचा संबंध नाममात्र राहिला. १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत झालेल्या भारतीय विद्यापीठ कायद्याने ही पद्धत बदलली. फेलोंची संख्या मर्यादित करण्यात आली व त्यांची मुदत पाच वर्षांची ठरली. निवडणुकीचे तत्त्व मान्य झाले खरे, परंतु निवडून यावयाच्या जागा थोड्या ठेवून बहुसंख्य जागा नेमणुकीच्याच राहिल्या. शासनाचा ताबा वाढविणारा हा कायदा आहे, अशी टीका त्या वेळी झाली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात त्याला कसून विरोध केला. देखरेख किती असावी आणि ती कोणाच्या हाती असावी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही, हे यावरून ध्यानात येईल.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठांची संख्या वाढली. नागपूर येथे १९२३ पासून विद्यापीठ होतेच. पुणे विद्यापीठाचा कायदा १९४८ साली झाला आणि डॉ. मु. रा. जयकर हे त्याचे पहिले कुलगुरू झाले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली, तर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. प्रत्येकाचा कायदा वेगळा होता. १९७४ साली या विद्यापीठांसाठी नवे कायदे करण्यात आले. पुढे १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने राज्यातील बहुतेक अकृषी विद्यापीठे एकाच छत्राखाली आली व पूर्वीच्या कार्यकारी परिषदेची जागा व्यवस्थापन परिषदेने घेतली. डॉ. अरुण निगवेकर, डॉ. अनिल काकोडकर आणि डॉ. राम ताकवले यांच्या अध्यक्षतेखालील समित्यांच्या विचारविनिमयानंतर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ तयार झाला. तो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. कृषी विद्यापीठे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ व मुक्त विद्यापीठ यांचे कायदे निराळे आहेत. प्रस्तुत विवेचन त्यांना लागू नाही.

कायद्याने आखलेली चौकट

राज्याचे राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. कुलगुरू हे विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक व कार्यकारी अधिकारी होत. त्यांची नियुक्ती शोध समितीने सुचविलेल्या नावांतून कुलपती करतात. त्यांची मुदत पाच वर्षांची असून त्याच विद्यापीठात त्या पदावर त्यांची पुन्हा नियुक्ती होत नाही. कुलसचिव हे कार्यालयाचे व दप्तराचे प्रमुख असतात. परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक आणि वित्त व लेखा अधिकारी हेही महत्त्वाचे अधिकारी होत.

अधिकाऱ्यांबरोबरच कायद्याने विद्यापीठाची प्राधिकरणे निर्माण केली आहेत. त्यांतील तीन प्रमुख म्हणजे अधिसभा, व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद. अभ्यासक्रम, परीक्षांचा दर्जा व संशोधन हे विद्यापरिषदेचे क्षेत्र. तिला विद्याशाखा व अभ्यासमंडळे साहाय्य करतात. पैसा, मालमत्ता व प्रशासन हे व्यवस्थापन परिषदेचे क्षेत्र. या सर्वांच्या कामाचा आढावा घेणारी, समाजाचे प्रतिनिधित्व करणारी सभा म्हणजे अधिसभा.

अधिसभेत प्राचार्यांचे १०, महाविद्यालयीन शिक्षकांचे १०, विद्यापीठ विभागांतील शिक्षकांचे ३, संस्थाचालकांचे ६ आणि नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडणुकीने येतात. पदवीधरांच्या १० जागांपैकी ५ जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी प्रत्येकी एक याप्रमाणे राखीव आहेत. याखेरीज विधिमंडळाचे सदस्य, स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी आणि कुलपतींनी नामनिर्देशित केलेल्या व्यक्ती तिच्यात असतात. वर्षातून किमान दोन वेळा तिची बैठक व्हावी, अशी तरतूद आहे.

व्यवस्थापन परिषद संख्येने लहान असते. कुलगुरू तिचे अध्यक्ष आणि कुलसचिव सदस्य-सचिव असतात. प्राचार्य, शिक्षक, संस्थाचालक व पदवीधर यांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी अधिसभेतून निवडले जातात. विद्यापरिषदेचे प्रतिनिधी, नामनिर्देशित तज्ज्ञ आणि शासनाच्या वतीने उच्च शिक्षण व तंत्रशिक्षण विभागांचे अधिकारी यांचाही तिच्यात समावेश होतो.

गावच्या कारभाराशी तुलना केली असता ही रचना समजणे सुलभ जाईल. ग्रामपंचायत निर्णय घेते, तिचा सचिव दप्तर सांभाळतो व अंमलबजावणी करतो, आणि ग्रामसभेपुढे जमाखर्च व अहवाल मांडावा लागतो. विद्यापीठात व्यवस्थापन परिषद, कुलसचिव आणि अधिसभा यांचे परस्परांशी असेच काहीसे नाते आहे. फरक एवढाच, की ग्रामसभेत गावातील प्रत्येक मतदार स्वतः बसतो. अधिसभेत मात्र विद्यापीठाशी संबंधित घटकांचे प्रतिनिधी बसतात. त्यामुळे ज्यांनी प्रतिनिधी पाठविले त्यांचे लक्ष नसेल, तर सभेलाही धार राहत नाही.

व्यवस्थापन परिषदेची कामे

विद्यापीठाची जमीन, इमारती, निधी व देणग्या यांची राखण करणे हे परिषदेचे पहिले काम होय. विद्यापीठाच्या मालमत्तेत लोकांनी विश्वासाने दिलेल्या ठेवीही असतात. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट आवारातील ग्रंथालय व राजाबाई मनोरा हे प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले. मनोऱ्याला त्यांनी आपल्या मातेचे नाव दिले. अशा देणगीचा विनियोग दात्याच्या हेतूप्रमाणे होतो की नाही, पारितोषिकांसाठी ठेवलेल्या रकमेचे व्याज त्याच कामी लागते की नाही, हे पाहणे परिषदेचे कर्तव्य ठरते.

करार करणे, बांधकामास मान्यता देणे, खरेदीच्या निर्णयांवर लक्ष ठेवणे, प्रशासनाविषयीचे अध्यादेश काढणे आणि अंदाजपत्रक अधिसभेकडे पाठविणे ही तिची अन्य कामे आहेत. येथे अध्यादेश हा शब्द राज्यपालांनी काढावयाच्या अध्यादेशाच्या अर्थाने वापरलेला नाही. विद्यापीठाच्या कायद्यानुसार केलेल्या अंतर्गत नियमांच्या एका प्रकाराला ते नाव आहे. त्याच्या वरच्या पायरीवर परिनियम असतात. परिनियम करण्याचा अधिकार अधिसभेचा असून त्यांना कुलपतींची संमती लागते.

शासनाचे नियंत्रण कोठे लागू होते, हेही कायद्याने स्पष्ट केले आहे. शासनाच्या पूर्वमान्यतेवाचून नवी पदे निर्माण करता येत नाहीत, वेतनश्रेणी बदलता येत नाही, विशिष्ट कामासाठी मिळालेला निधी दुसऱ्या कामाकडे वळविता येत नाही आणि स्थावर मालमत्ता विकता येत नाही. अभ्यासक्रमात काय शिकवावे अथवा उत्तरपत्रिकेला किती गुण द्यावेत, यांचा या यादीत समावेश नाही. स्वायत्ततेची सीमारेषा येथे दिसून येते.

अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण

विद्यापीठाचे अंदाजपत्रक प्रथम वित्त व लेखा समितीपुढे येते. तेथून ते व्यवस्थापन परिषदेकडे आणि परिषदेच्या शिफारशीसह अधिसभेकडे जाते. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने ही बैठक प्रायः मार्च महिन्यात होते. सदस्य कपात सूचना मांडू शकतात व खुलासे मागू शकतात.

अंदाजपत्रकापेक्षाही महत्त्वाचे, परंतु कमी वाचले जाणारे कागद म्हणजे लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचा अहवाल. येत्या वर्षी काय करावयाचे आहे, ते अंदाजपत्रकात असते. गेल्या वर्षी काय झाले, हे लेखापरीक्षणात कळते. ग्रंथालयासाठी तरतूद केली, पण पुस्तके घेतली गेली नाहीत. वसतिगृहाचे काम मंजूर झाले, पण रक्कम अखर्चित राहिली. आगाऊ उचललेल्या रकमांचा हिशेब वर्षानुवर्षे सादर झाला नाही, असे आक्षेप कोणत्याही मोठ्या संस्थेत उद्भवू शकतात. ते उद्भवले एवढ्यावरून कोणी दोषी ठरत नाही. तेच आक्षेप पुढच्या वर्षीच्या अहवालात जसेच्या तसे पुन्हा आले, तर मात्र देखरेख करणाऱ्यांनी आपले काम केले नाही, असा त्याचा अर्थ होतो. यास्तव दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून वाचण्याची सवय सदस्यांनी लावून घ्यावी. ग्रामपंचायत अथवा पंचायत समितीच्या सदस्यांनाही हा मार्ग परिचित असेल.

विद्यापीठाचा वार्षिक अहवाल व लेखे शासनामार्फत विधिमंडळासमोर ठेवावे लागतात. विद्यापीठाच्या सभागृहात ज्याला उत्तर मिळाले नाही, तो प्रश्न राज्याच्या सभागृहात उपस्थित होऊ शकतो, ही जाणीवही कारभारास शिस्त लावते.

महाविद्यालय कोठे निघावे ?

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने अधिसभेचे सर्वांत जवळचे काम म्हणजे बृहत आराखडा. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात पुढील पाच वर्षांत कोणत्या भागात, कोणत्या विद्याशाखेची महाविद्यालये असावीत, याचा हा आराखडा असतो. तो विद्यापरिषदेच्या शिफारशीने अधिसभेपुढे येतो व पुढे राज्यस्तरीय उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे जातो. आराखड्यात ज्या ठिकाणाचा समावेश नाही, तेथे नव्या महाविद्यालयाचा प्रस्ताव विचारात घेतला जात नाही. आराखड्यात स्थान असले, तरी संस्थेला शासनाचे इरादापत्र व परवानगी आणि त्यानंतर विद्यापीठाचे संलग्नीकरण मिळवावे लागते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की एखाद्या डोंगरी तालुक्यातील मुलींना पदवीसाठी दूर जावे लागत असेल, तर ती गोष्ट आराखडा तयार होत असतानाच विद्यापीठाच्या कानावर घातली पाहिजे. लोकसंख्या, जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयांतून उत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या, एस.टी.ची सोय व सध्याच्या महाविद्यालयाचे अंतर ही माहिती स्थानिक लोकप्रतिनिधींइतकी नेमकी दुसऱ्या कोणापाशी नसते. आराखडा मंजूर झाल्यानंतर केलेली निवेदने बहुधा पुढील पाच वर्षांची वाट पाहत राहतात. उलट, ज्या गावात आधीच तीन महाविद्यालये अपुऱ्या विद्यार्थिसंख्येवर चालली आहेत तेथे चौथे सुचविले जात असेल, तर त्यासही अधिसभेनेच वेळीच हरकत घ्यावयास हवी.

अध्यक्ष कोण आणि प्रश्न कोणी विचारावेत ?

या रचनेत एक वैशिष्ट्य आहे व त्यातच तिचा अवघड भाग सामावलेला आहे. ज्या कुलगुरूंच्या कारभारावर व्यवस्थापन परिषदेने लक्ष ठेवावयाचे, तेच तिचे अध्यक्ष असतात. बैठकीची कार्यसूची सदस्य-सचिव या नात्याने तयार करणारे कुलसचिव हेही विद्यापीठाचेच अधिकारी असतात. सर्वत्र अशी पद्धत नाही. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या संस्था १९६१ च्या केंद्रीय कायद्यानुसार चालतात. त्यांच्या नियामक मंडळाच्या अध्यक्षांना राष्ट्रपती अभ्यागत या नात्याने नेमतात आणि संस्थेचे संचालक त्या मंडळात सदस्य म्हणून बसतात.

महाराष्ट्रातील पद्धतीलाही सबळ कारण आहे. विद्यापीठाचे नेतृत्व विद्वानाकडे राहावे आणि बाहेरील अध्यक्ष व आतील प्रमुख यांच्यात दुही माजू नये, हा तिचा हेतू होय. विद्यापीठांच्या कारभाराची रचना कशी असावी, याचा विचार देशपातळीवरही झालेला आहे. भारताचे माजी सरन्यायाधीश आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या समितीने १९७१ साली या विषयावर अहवाल दिला होता.

तथापि या पद्धतीत सदस्यांवरील जबाबदारी वाढते, हे विसरून चालणार नाही. अध्यक्ष स्वतःलाच अडचणीचा प्रश्न विचारतील, अशी अपेक्षा करता येत नाही. तो प्रश्न सदस्यांनीच विचारला पाहिजे. कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी एखाद्या प्राधिकरणाच्या अधिकारातील निर्णय स्वतः घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे. असा निर्णय त्या प्राधिकरणाच्या पुढील बैठकीत मांडणे बंधनकारक असते आणि प्राधिकरणाचे मत भिन्न असल्यास प्रकरण कुलपतींकडे जाते. पूर, संप किंवा साथीचा रोग अशा प्रसंगी ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु बैठक लांबली म्हणून, अथवा चर्चा टाळावी म्हणून तिचा आश्रय घेतला जात असेल, तर तातडी खरोखर कोणती होती, हे विचारणे सदस्यांचे काम होय.

२०१७ चा अनुभव

देखरेखीची जागा रिकामी राहिली असता काय घडू शकते, हे मुंबई विद्यापीठाच्या २०१७ सालच्या उन्हाळी परीक्षांच्या वेळी दिसून आले. त्या सत्रातील उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय परीक्षांचा हंगाम सुरू असतानाच अमलात आणला गेला. उत्तरपत्रिकांची संख्या सुमारे १७ लाख होती. इतक्या उत्तरपत्रिका यंत्रावर उतरवून घेणे, शिक्षकांना नव्या पद्धतीचे प्रशिक्षण देणे आणि संगणकप्रणालीची चाचणी घेणे, या सर्वांना लागणारा वेळ हाती नव्हता.

परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत निकाल जाहीर व्हावा, अशी कायद्यातील तरतूद आहे. त्या वर्षी अनेक निकाल या मुदतीत लागू शकले नाहीत. कुलपतींनी ३१ जुलैपर्यंत सर्व निकाल लावण्याचे निर्देश दिले. तीही मुदत उलटली आणि ऑगस्ट संपला तरी काही निकाल बाकी होते. पदव्युत्तर प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या, परगावी वा परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी अडचण झाली. अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. विद्यापीठाच्या १६० वर्षांच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी आला नव्हता.

या घटनेचा विचार करताना कालक्रम ध्यानात घ्यावा लागतो. नवा कायदा १ मार्च २०१७ रोजी अमलात आला. त्यानुसार निवडणुका होऊन नवी अधिसभा आकारास येण्यास २०१८ साल उजाडले. म्हणजे जेव्हा एवढा मोठा बदल केला जात होता, तेव्हा निवडून आलेल्या प्रतिनिधींसह पूर्ण रचलेली अधिसभा नव्हती. ती असती तर विलंब टळलाच असता, असे म्हणता येणार नाही. परंतु अध्यापनाचा व परीक्षणाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले शिक्षक व प्राचार्य ज्या सभेत उभे राहून ‘ही पद्धत प्रथम एका विद्याशाखेपुरती वापरून पाहिली काय ?’ असे विचारू शकले असते, ती सभा त्या वेळी भरत नव्हती, एवढे निश्चित. कुलपतींचा अधिकार हा शेवटचा उपाय होय. तो वापरला जाईपर्यंत विद्यार्थ्यांचे नुकसान होऊन गेलेले असते. प्राधिकरणांतील देखरेखीचा उपयोग त्याच्या आधी व्हावयाचा असतो.

यावरून आणखी एक बोध घेण्यासारखा आहे. निवडणुका वेळेवर होणे हा देखरेखीचाच भाग आहे. मुंबई विद्यापीठाच्या त्यानंतरच्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. पदवीधर गटाची पुढील निवडणूक सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. मधल्या काळात त्या गटाचा आवाज सभागृहात नव्हता.

देखरेख आणि हस्तक्षेप

देखरेखीच्या नावाखाली हस्तक्षेप होण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. सदस्याने आपल्या परिचिताच्या नेमणुकीसाठी शब्द टाकणे, एखाद्या विद्यार्थ्याच्या गुणांची चौकशी परीक्षा विभागात जाऊन करणे, स्वतः संस्थाचालक असताना आपल्याच महाविद्यालयाच्या संलग्नीकरणाच्या चर्चेत भाग घेणे, कर्मचाऱ्यांना परस्पर आदेश देणे, हा कारभारावर लक्ष ठेवण्याचा प्रकार नव्हे. सदस्याचा अधिकार सभागृहात असतो व तोही सर्वांबरोबर मिळून. सभागृहाबाहेर तो एक नागरिक असतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे कार्यसूचीवरील विषय वाचल्याविना संमत करणे. शंभर पानांचे कागद बैठकीच्या आदल्या दिवशी हाती पडले, तर ते वाचून होत नाहीत. अशा वेळी सदस्याने कागद वेळेवर मिळावेत, असा आग्रह धरावा व तो आग्रह कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा. कोणताही महत्त्वाचा प्रस्ताव समोर आला असता पुढील पाच प्रश्न विचारले, तर बहुतेक गोष्टी उजेडात येतात :

१. हा निर्णय कायद्याच्या व परिनियमांच्या कोणत्या तरतुदीखाली घेतला जात आहे ?

२. त्यासाठी लागणारा पैसा कोणत्या शीर्षाखालून येणार आणि पुढील वर्षी तो कोठून येणार ?

३. तो अमलात आणण्याची पूर्वतयारी झाली आहे काय, आणि लहान प्रमाणावर त्याची चाचणी घेतली आहे काय ?

४. हा निर्णय फसला तर विद्यार्थ्यांवर काय परिणाम होईल व त्यावर पर्यायी व्यवस्था कोणती ?

५. अंमलबजावणीचा अहवाल कोणत्या बैठकीत सादर होईल ?

यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. ठराव झाला म्हणजे काम झाले, असा समज सार्वजनिक जीवनात सर्वत्र आढळतो. मागील बैठकीच्या कार्यवृत्तावरील कार्यवाही हा विषय कार्यसूचीत पहिल्या क्रमांकावर ठेवण्याची प्रथा आहे, ती याच कारणासाठी. तो विषय दोन मिनिटांत उरकला जात असेल, तर उरलेली बैठक कितीही रंगली तरी तिच्यातून फारसे निष्पन्न होत नाही.

नागरिकांचा वाटा

अधिसभेच्या पदवीधर गटातून १० प्रतिनिधी निवडले जातात. त्यांना मत देण्याचा अधिकार नोंदणी केलेल्या पदवीधरांनाच असतो. पदवी मिळाली म्हणजे नाव आपोआप यादीत येते, असा अनेकांचा समज आहे. तो बरोबर नाही. विहित मुदतीत अर्ज करून नोंदणी करावी लागते. खेड्यापाड्यांतील शिक्षक, ग्रामपंचायतीचे पदवीधर सदस्य, सहकारी संस्थांतील कर्मचारी, पदवीधर शेतकरी व गृहिणी यांनी ही नोंदणी केली नाही, तर मतदारयादी शहरापुरती मर्यादित राहते. मग ग्रामीण महाविद्यालयांचे प्रश्न सभागृहात आस्थेने मांडणारे प्रतिनिधी तरी कोठून मिळणार ?

शिक्षकांचा व प्राचार्यांचा वाटा याहूनही मोठा आहे. त्यांचे प्रतिनिधी अधिसभेत व विद्यापरिषदेतही बसतात. आपल्या प्रतिनिधीने वर्षभरात कोणते प्रश्न विचारले, अंदाजपत्रकावर काय मत मांडले, याची विचारपूस मतदारांनी केली, तर सदस्यही अभ्यास करून बैठकीस जातील. निवडणुकीच्या वेळी भेटणारा व नंतर पाच वर्षे न दिसणारा प्रतिनिधी निवडून देऊन कारभाराविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही.

शासकीय अधिकाऱ्यांनीही आपली भूमिका नीट जाणून घ्यावी. व्यवस्थापन परिषदेतील शासनाचे प्रतिनिधी हे केवळ नियमावर बोट ठेवण्यासाठी तेथे नसतात. विद्यापीठाच्या अडचणी, रिक्त पदांचा प्रश्न, अनुदानास होणारा विलंब या गोष्टी शासनापर्यंत पोहोचविण्याचे कामही त्यांनीच करावयाचे असते. विद्यापीठाकडून हिशेब मागणाऱ्या शासनाने आपल्या वाट्याचा निर्णय वेळेवर देणे, हेही या व्यवस्थेत अभिप्रेत आहे.

विद्यापीठाच्या आवारात भरणारी अधिसभेची बैठक गावातील सामान्य माणसाला दूरची वाटते. परंतु परीक्षेचा अखेरचा पेपर देऊन घरी परतलेला विद्यार्थी ४५ दिवसांनंतर ज्या निकालाची वाट पाहत असतो, तो निकाल वेळेवर लागणे अथवा न लागणे हे त्या बैठकीत कोणी काय विचारले, यावरही अवलंबून असते. कायद्याने सभा दिली आहे, सदस्य दिले आहेत आणि प्रश्न विचारण्याचा अधिकारही दिला आहे. कागद वाचून, वेळेवर आणि विद्यार्थ्याचे हित पुढे ठेवून तो अधिकार वापरला जाणे, एवढेच आता संबंधितांच्या हाती उरते.